‘मूळ’ म्हणजे नेमके कोणते? स्वीडिश थरारपट आणि त्यांच्या हॉलिवूड आवृत्त्यांविषयीचा एक सोयीचा समज

स्वीडिश थरारपट आणि त्यांचे हॉलिवूडमधील रीमेक यांच्याविषयी एक मजकूर मराठी चित्रपटरसिकांमध्ये वरचेवर फिरत असतो. दर वेळी शब्द थोडे बदलतात, आशय ठरलेला असतो. स्वीडनचे थरारपट अस्सल असतात. अमेरिकन प्रेक्षकाला सबटायटल्स वाचण्याचा कंटाळा, म्हणून हॉलिवूड त्या चित्रपटांची दृश्यागणिक नक्कल करते. नक्कल करताना त्यांतला काळोख पुसून टाकते, नावाजलेले नट भरते आणि मूळ लेखकाला लाज वाटेल असे काहीतरी गुळगुळीत तयार करते. सबब ज्याने मूळ चित्रपट पाहिला त्याने रीमेककडे ढुंकूनही पाहू नये. पुराव्यादाखल बहुधा तीन नावे दिलेली असतात: ‘द गर्ल विथ द ड्रॅगन टॅटू’, ‘लेट द राइट वन इन’ आणि ‘इन्सोम्निया’.

हा दावा पूर्णपणे निराधार असता तर त्याला उत्तर देण्याची गरज नव्हती. त्यात सत्याचे काही कण आहेत आणि त्यांच्याच आधारावर बाकीचा डोलारा उभा आहे. ‘सैराट’नंतर ‘धडक’ पाहिलेल्या मराठी प्रेक्षकाला तो चटकन पटतो यातही नवल नाही, कारण गावच्या मातीतला मूळ चित्रपट आणि मोठ्या भांडवलाचा चकचकीत रीमेक हे चित्र त्याच्या मनात आधीच तयार असते. परंतु आर्ची-परश्याचे जे झाले तेच ‘ड्रॅगन टॅटू’ची नायिका लिस्बेत सालांडर हिचेही झाले असणार, असे गृहीत धरणे म्हणजे चित्रपट न पाहताच निकाल देणे होय. या तिन्ही कथांची रहस्ये पुढे उघड केली आहेत; ज्यांना ती जपून ठेवायची असतील त्यांनी आधी चित्रपट पाहावेत.

यादीतील शेवटच्या नावापासून सुरुवात करतो, कारण तेथील चूक साधी आहे. १९९७चा ‘इन्सोम्निया’ हा स्वीडिश चित्रपट नाही. तो नॉर्वेचा आहे. त्याचे दिग्दर्शक एरिक शोल्डब्यार्ग नॉर्वेचे, आणि कथा घडते तीही उत्तर नॉर्वेत, जेथे उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही. गोंधळ का होतो हे समजण्यासारखे आहे: खुनाच्या तपासासाठी तेथे आलेला पोलीस अधिकारी एंगस्ट्रोम हा स्वीडिश आहे आणि ती भूमिका स्टेलान स्कार्सगोर्ड या स्वीडिश नटाने केली आहे. तरीही या चित्रपटाला स्वीडिश म्हणणे हे कन्नड चित्रपटाला मराठी म्हणण्यासारखे आहे, आणि येथे तर तो फरक कथेच्या गाभ्याशी जाऊन भिडतो. एंगस्ट्रोम नॉर्वेच्या लोकांमध्ये स्वीडिश बोलत वावरतो. भाषा जवळची, पण माणूस परका, आणि हे अर्धवट परकेपण त्याच्या एकटेपणात भर घालते. क्रिस्टोफर नोलन यांनी २००२मध्ये ही कथा अलास्कात नेली तेव्हा अल पचिनो यांचा अधिकारी लॉस एंजेलिसहून आलेला दाखवला. तो बाहेरगावचा आहे, परदेशी नाही. मूळ चित्रपट स्वीडिश आहे असे समजून बसलेल्याच्या हाती हा बदल लागणारच नाही, आणि दोन चित्रपटांमधला पहिला खरा फरक त्याच्या नजरेतून निसटेल.

‘अस्सल स्वीडिश’ हे विशेषण ‘ड्रॅगन टॅटू’लाही पूर्णपणे बसत नाही. २००९च्या त्या चित्रपटाचे दिग्दर्शक नील्स आर्डेन ओप्लेव्ह हे डेन्मार्कचे आहेत आणि पटकथा लिहिणारे निकोलाय आर्सेल व रास्मुस हाइस्टरबेर्ग हे दोघेही डॅनिश. भाषा, भूमी आणि नट स्वीडनचे असल्यामुळे चित्रपट स्वीडिशच ठरतो, याबद्दल वाद नाही. मात्र त्या मातीतले पीक त्याच मातीतल्या हातांनी काढले, असा जो भाव या मजकुरात असतो त्याला येथे आधार मिळत नाही. शिवाय ज्या नावाने आपण हा चित्रपट ओळखतो ते नावच स्वीडिश नाही. स्टीग लार्सन यांच्या २००५ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीचे आणि स्वीडनमध्ये लागलेल्या चित्रपटाचे नाव ‘मेन सोम हातार क्विन्नोर’, म्हणजे ‘स्त्रियांचा द्वेष करणारे पुरुष’. ड्रॅगनचे गोंदण असलेली मुलगी मुखपृष्ठावर आली ती इंग्रजी अनुवादाच्या वेळी. मूळ नाव आरोप करते, तोही अनेकवचनी. इंग्रजी नाव एका मुलीच्या अंगावरच्या चित्राकडे बोट दाखवते. हॉलिवूडने धार बोथट केली असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, की बोथट करण्याचे पहिले काम कोणताही चित्रपट निघण्याआधी पुस्तकाच्या वेष्टनावर झाले होते, आणि ओप्लेव्ह यांचा चित्रपटही परदेशात त्याच नावाने विकला गेला.

प्रभावाचा ओघ एकाच दिशेने वाहतो, हेही खरे नव्हे. स्वीडिश पोलीसपटांचा विषय निघाला की बू विडेरबेर्ग यांच्या १९७६च्या ‘मानेन पो टाकेत’चे, म्हणजे ‘छपरावरचा माणूस’चे नाव आदराने घेतले जाते. माय शोवाल आणि पेर वालो या जोडीच्या कादंबरीवरचा हा चित्रपट, ज्यात स्टॉकहोमच्या भर चौकात पोलिसांचे हेलिकॉप्टर कोसळते. तो करताना विडेरबेर्ग यांच्या डोळ्यांपुढे विल्यम फ्रीडकिन यांचा १९७१चा ‘द फ्रेंच कनेक्शन’ होता. म्हणजे अमेरिकन रस्त्यावरचा थरार स्टॉकहोमला आला, तेथे मुरला आणि पुढच्या स्वीडिश थरारपटांच्या घडणीत शिरला. त्याच लेखकजोडीची दुसरी एक कादंबरी हॉलिवूडने १९७३मध्येच सॅन फ्रान्सिस्कोला नेली होती. ही देवाणघेवाण लिस्बेत सालांडरच्या बरीच आधीची आहे.

आता मुख्य आरोपाकडे, म्हणजे दृश्यागणिक नक्कल केल्याच्या आरोपाकडे वळू. डेव्हिड फिंचर यांच्या २०११च्या अमेरिकन ‘ड्रॅगन टॅटू’ची पटकथा स्टीव्हन झेलियन यांनी लार्सन यांच्या कादंबरीवरून लिहिली. ओप्लेव्ह यांचा चित्रपटही त्याच कादंबरीवरून आला. तेव्हा या दोघांचे नाते भावाभावांचे आहे आणि थोरल्याला बाप म्हणण्याचे कारण नाही. ‘ऑथेल्लो’वरून देवलांनी ‘झुंझारराव’ केले. पुढे शिरवाडकरांनीही ‘ऑथेल्लो’ मराठीत आणले, म्हणून ती काही देवलांची नक्कल ठरली नाही. हा साधा विवेक नाटकांच्या बाबतीत आपण सहज पाळतो आणि चित्रपटांच्या बाबतीत विसरतो. ‘रीमेक’ हा शब्द मीही या लेखात वापरतो आहे, कारण तो रूढ आहे. पण फिंचर यांच्या चित्रपटाला तो अर्धाच लागू पडतो.

दोन्ही चित्रपट शेजारी ठेवले, की दोघांनी एकाच पुस्तकातून किती निराळ्या वस्तू उचलल्या हे दिसते. हॅरिएट या बेपत्ता मुलीच्या वहीत काही नावे आणि आकडे आहेत, आणि ते बायबलमधल्या वचनांचे संदर्भ आहेत हे कोणीतरी ओळखायचे आहे. कादंबरीत हा उलगडा पत्रकार मिकाएल ब्लूमक्विस्टच्या मुलीमुळे होतो, आणि फिंचर यांनी ती मुलगी ठेवली आहे. ओप्लेव्ह यांनी तिला गाळले आणि तो शोध सालांडरच्या पदरात टाकला: ती ब्लूमक्विस्टच्या संगणकात आधीच शिरलेली असते, त्याची चाललेली धडपड पाहत असते, आणि शेवटी न राहवून उत्तर त्याला कळवून टाकते. पटकथेच्या दृष्टीने ही चाल फार चांगली आहे. कोणी बोलावण्याआधी सालांडर स्वतःहून या तपासात पाऊल टाकते, आणि ज्या मुलीला कोणाशीच संबंध नको असतो तिचा हा पहिला संबंध ठरतो. मला ती कादंबरीपेक्षाही सरस वाटते. पण मग हेही मान्य करावे लागते, की पुस्तकाशी फारकत घेणारा चित्रपट येथे स्वीडिश आहे आणि पुस्तक धरून चालणारा अमेरिकन.

इतर ठिकाणी हे पारडे उलटसुलट होत राहते. ब्लूमक्विस्टला बदनामीच्या खटल्यात झालेली कैद ओप्लेव्ह यांनी ठेवली आहे, फक्त ती कथेच्या मध्यावरून शेवटाकडे सरकवली आहे. फिंचर यांच्याकडे तुरुंग नाही, नायकाची आयुष्यभराची पुंजी मात्र जाते. हॅरिएट कादंबरीत आणि स्वीडिश चित्रपटात ऑस्ट्रेलियात सापडते. फिंचर यांनी तिला दुसरीच्या नावाने लंडनमध्ये ठेवले आहे, आणि या बदलाने कथेचा एक लांबचा फेरा वाचतो, तसा त्या शोधातला विस्मयही थोडा कमी होतो. सालांडरने लहानपणी बापाला पेटवले होते, हे ओप्लेव्ह आठवणीच्या झटक्यांतून डोळ्यांसमोर आणतात. फिंचर यांच्या चित्रपटात हीच गोष्ट ती अंथरुणात पडल्या पडल्या एक-दोन वाक्यांत सांगून टाकते, आवाज जराही न चढवता. एकाच घटनेची ही दोन सादरीकरणे पाहून कोणी नक्कल म्हणत असेल, तर त्याने नक्कल या शब्दाचा अर्थ पुन्हा तपासावा.

दोन दृश्यांवर थोडे अधिक थांबावेसे वाटते. पहिले मार्टिन वांगेरच्या, म्हणजे हॅरिएटचा भाऊ असलेल्या खुन्याच्या मृत्यूचे. स्वीडिश चित्रपटात अपघातानंतर तो गाडीत अडकलेला आहे, मदतीची याचना करतो आहे, आणि सालांडर समोर उभी राहून ती ऐकते व काहीही करत नाही. गाडी पेटते. फिंचर यांच्याकडे ती पाठलागावर निघण्यापूर्वी ब्लूमक्विस्टला विचारते, त्याला मारू का. तो मान हलवून होकार देतो. पुढे ती पिस्तूल घेऊन उलटलेल्या गाडीकडे चालत जाते, पण तिने काही करण्याआधीच गाडीचा स्फोट होतो. येथे अमेरिकन चित्रपटाने नायिकेचे हात वाचवले, हे मान्य केले पाहिजे. ओप्लेव्ह यांची सालांडर एका माणसाला मरू देते आणि त्याचा भार प्रेक्षकावर टाकते. फिंचर यांची सालांडर परवानगी मागते आणि तिचे काम योगायोग करून टाकतो. या एका जागी तो फिरणारा मजकूर अगदी बरोबर आहे.

दुसरे दृश्य त्याच मार्टिनच्या तळघरातले, आणि तेथे गणित उलटे होते. फिंचर यांच्या चित्रपटात बांधून ठेवलेल्या ब्लूमक्विस्टशी मार्टिन गप्पा मारल्यासारखा बोलतो. घरात काहीतरी बिनसले आहे याची शंका आलेली असूनही तू आत आलास, असे तो त्याला ऐकवतो, आणि त्याचे कारणही सांगतो: समोरच्याचा अपमान होईल ही भीती माणसाला वेदनेच्या भीतीपेक्षा मोठी वाटते. मद्याचा नुसता प्याला पुढे केला की पाहुणा नको म्हणत नाही. सभ्यतेच्या पांघरुणाखाली काय दडते, हा लार्सन यांचा आयुष्यभराचा विषय होता. नीटनेटक्या, समृद्ध, अदबशीर स्वीडनच्या खाली नाझी भूतकाळ आणि स्त्रीद्वेष कसा मुरला आहे हे ते लिहीत होते. त्या विषयाला झेलियन आणि फिंचर यांनी एका संवादात असे पकडले आहे, की तो हॉलिवूडमध्ये लिहिला गेला हे विसरायला होते. त्यातच पार्श्वभूमीला एक शांतवणारे लोकप्रिय इंग्रजी गाणे लावले आहे, आणि मार्टिन ते आवडीने ऐकतो आहे.

‘लेट द राइट वन इन’च्या बाबतीत मात्र नक्कलेचा आरोप अधिक वजनदार आहे. टोमास आल्फ्रेडसन यांचा २००८चा हा चित्रपट स्टॉकहोमच्या ब्लाकेबेर्ग या उपनगरात घडतो, जरी त्याचे बरेचसे चित्रीकरण उत्तरेकडील लुलेओ येथे झाले. काटेकोरपणे पाहता तो थरारपटापेक्षा भयपटाच्या घरातला. यादीत आला आहे म्हणून त्याचा विचार करतो. मॅट रीव्ह्स यांच्या २०१०च्या ‘लेट मी इन’मध्ये काही दृश्ये आणि संवाद आल्फ्रेडसन यांच्या चित्रपटाशी इतके मिळतेजुळते आहेत, की दोन्ही चित्रपट एकाच कादंबरीवरून आले हा हवाला पुरत नाही. तरीही रीव्ह्स यांनी नुसते गिरवले असे म्हणता येत नाही. त्यांनी कथा न्यू मेक्सिकोतील लॉस अलामोस येथे, म्हणजे जेथे अणुबॉम्ब तयार झाला त्या गावी, १९८३ सालात नेली आणि दूरदर्शन संचावर राष्ट्राध्यक्ष रेगन यांचे जगातल्या दुष्टतेवरचे भाषण चालू ठेवले. बारा वर्षांच्या एकट्या मुलाला रक्त पिणारी मैत्रीण मिळते आणि ती दुष्ट आहे का, हा प्रश्न त्याला पडतो, तेव्हा खोलीतल्या त्या भाषणाने प्रश्नाचा आकार बदलतो. स्वीडिश चित्रपटात दुष्टतेची अशी चर्चा नाही. तेथे थंडी आहे, बर्फ आहे आणि लक्ष न देणारी मोठी माणसे आहेत. गाडीच्या मागच्या आसनावर कॅमेरा ठेवून, दृश्य न तोडता दाखवलेला रीव्ह्स यांचा अपघात तर पूर्णपणे त्यांचा स्वतःचा आहे. एवढे सगळे मान्य करूनही माझी पसंती आल्फ्रेडसन यांच्याच चित्रपटाला आहे. त्या मुलीचा वयस्क सोबती एके काळी अशाच एखाद्या मुलाच्या जागी होता, हे रीव्ह्स जुने छायाचित्र दाखवून सांगतात. आल्फ्रेडसन ते प्रेक्षकाच्या मनात डोकावू देतात आणि गप्प राहतात. त्या गप्प राहण्यात अधिक जोर आहे.

काळोख पुसण्याच्या आरोपाला भारतीय प्रेक्षकाकडे तरी एक सरळ उत्तर असायला हवे होते. फिंचर यांचा ‘ड्रॅगन टॅटू’ भारतात २०१२च्या फेब्रुवारीत प्रदर्शित व्हायचा होता. मुंबईत मुख्यालय असलेल्या आपल्या सेन्सॉर बोर्डाने तो आहे त्या स्वरूपात दाखवण्यास अयोग्य ठरवला, दिग्दर्शकाने काटछाट नाकारली, आणि वितरक सोनी कंपनीने चित्रपट येथे लावणार नसल्याचे जाहीर केले. ज्या चित्रपटाला गुळगुळीत म्हणून नाके मुरडली जातात तो आपल्या चित्रगृहांत पोहोचलाच नाही, आणि तो न पोहोचण्याचे कारण तो गुळगुळीत नव्हता हेच होते. सालांडरचा कायदेशीर पालक तिच्यावर जो अत्याचार करतो आणि ती त्याचा जो सूड घेते, ते दोन्ही प्रसंग दोन्ही चित्रपटांत आहेत आणि दोन्हींत पाहवत नाहीत.

शेवटाच्या बाबतीत तर रूढ समजाच्या अगदी उलट घडले आहे. स्वीडिश चित्रपट सालांडरला वेषांतर करून, पैसा हाती घेऊन, दूरच्या उन्हात मोकळी चालताना दाखवून संपतो. तो विजयाचा शेवट आहे. फिंचर यांची सालांडर ब्लूमक्विस्टसाठी चामड्याचे जाकीट भेट म्हणून घेते, त्याला दुसऱ्या स्त्रीबरोबर जाताना पाहते, ती भेट कचऱ्यात टाकते आणि मोटारसायकलवरून निघून जाते. कादंबरीतही शेवट अशाच दुखावलेपणाचा आहे. फक्त भेटवस्तू वेगळी. सुखान्ताचा सोस हॉलिवूडला असतो, हे सर्वसाधारण निरीक्षण म्हणून ठीक आहे, पण या जोडीत दुःखान्त हॉलिवूडच्या वाट्याला आला आहे.

‘इन्सोम्निया’त मात्र ते निरीक्षण शब्दशः लागू पडते. नॉर्वेच्या चित्रपटातला एंगस्ट्रोम धुक्यात चुकून सहकाऱ्याला गोळी घालतो, ते लपवण्यासाठी खोटा पुरावा उभा करतो, त्यासाठी एका जिवंत कुत्र्यावर गोळी झाडतो, बायकांशी हीनपणे वागतो आणि अखेरीस सुटतो. सत्य ओळखलेली स्थानिक पोलीस अधिकारी पुरावा त्याच्या पुढ्यात ठेवते आणि त्याला जाऊ देते. नोलन यांच्या चित्रपटात कुत्रा आधीच मेलेला असतो. एवढ्या एका बदलातून दोन चित्रपटांच्या स्वभावातले अंतर लक्षात येते. पचिनो यांचा अधिकारी शेवटी तरुण सहकारिणीचे प्राण वाचवतो, तिने चुकीचा मार्ग धरू नये म्हणून तिला अडवतो आणि मरताना त्याला एकदाची झोप लागते. नोलन यांचा चित्रपट चांगला आहे, पण तो पापाचे प्रायश्चित्त देऊन प्रेक्षकाला घरी पाठवतो, आणि मूळ चित्रपट तसे करत नाही. येथे मी मजकुराच्या बाजूने उभा आहे. दुर्दैवाने हे त्यांचे एकमेव बिनतोड उदाहरण स्वीडिश नाही.

शिवाय सौम्य करण्याचे काम केवळ हॉलिवूडच करते असे नाही. यॉन आइविदे लिंडक्विस्ट यांच्या कादंबरीतला तो वयस्क सोबती लहान मुलांविषयी लैंगिक विकृती असलेला माणूस आहे. स्वीडिश चित्रपटाने हा भाग जवळजवळ पूर्ण वगळला, आणि पटकथा स्वतः लिंडक्विस्ट यांनीच लिहिली होती. त्या चित्रपटात एली ही मुलगी मुळात मुलगी नसल्याचे सूचित करणारी जी एक क्षणभराची झलक आहे, ती पुढे अमेरिकन आवृत्तीत गाळली गेली. गाळण दोनदा झाली आहे. पहिली कोणाला दिसत नाही, कारण कादंबरी फार थोड्यांनी वाचलेली असते.

सबटायटल्सचा मुद्दा अर्धा खरा आहे. इंग्रजीबाहेरचे चित्रपट अमेरिकेत मोठ्या संख्येने पाहिले जात नाहीत, हे उघड आहे आणि इंग्रजी आवृत्त्या निघण्यामागे तो हिशेब असतोच. पण तो हिशेब दर वेळी जमतो असे समजणे भाबडेपणाचे आहे. २०१० या एकाच वर्षातली दोन उदाहरणे घ्या. ओप्लेव्ह यांच्या स्वीडिश ‘ड्रॅगन टॅटू’ने सबटायटल्ससह अमेरिकेत सुमारे १ कोटी डॉलर मिळवले. त्याच वर्षी सुमारे २ कोटी डॉलर खर्चून इंग्रजीत केलेल्या ‘लेट मी इन’ची अमेरिकेतील कमाई सुमारे १ कोटी २० लाख डॉलरच्या आसपास थांबली. वाचण्याचा कंटाळा हेच एकमेव कारण असते, तर या दोन आकड्यांत इतके कमी अंतर राहिले नसते. फिंचर यांचा चित्रपट सुमारे ९ कोटी डॉलरचा आणि त्याची जगभरातली कमाई सुमारे २३ कोटींची. तरी त्याच चमूचे पुढचे दोन भाग कधी निघाले नाहीत. आणि स्वीडिश ‘ड्रॅगन टॅटू’ची निर्मिती करणारी यलो बर्ड ही स्वीडिश संस्था फिंचर यांच्या चित्रपटाच्या निर्मितीतही सहभागी होती. घरच्यांनीच दार उघडून दिले असताना घरफोडी झाल्याची ओरड करता येत नाही.

याच ठिकाणी फिंचर यांच्या चित्रपटाचा जो खरा दोष आहे तो नोंदवतो, कारण तो त्या मजकुरात कधी नसतो. त्यांनी कथा स्वीडनमध्येच ठेवली, चित्रीकरणाचा मोठा भागही तेथेच केला, आणि मग सगळ्यांना इंग्रजी बोलायला लावले. काही पात्रे स्वीडिश वळणाचे इंग्रजी बोलतात, ब्लूमक्विस्ट झालेले डॅनियल क्रेग जवळजवळ स्वतःचेच इंग्रजी बोलतात, आणि ही खिचडी शेवटपर्यंत दाताखाली येत राहते. नोलन आणि रीव्ह्स यांनी कथा अमेरिकेत नेऊन हा प्रश्न टाळला.

तसेच, सबटायटल्ससह पाहिले म्हणजे मूळ जसेच्या तसे पाहिले, हा समजही तपासण्याजोगा आहे. ‘लेट द राइट वन इन’ची अमेरिकेतील पहिली डिस्क २००९मध्ये आली तेव्हा चित्रगृहातली चांगली सबटायटल्स काढून तेथे नवी, अधिक त्रोटक आणि सपाट सबटायटल्स घातलेली आढळली. संवादांतला विनोद आणि दुहेरी अर्थ त्यांत गळाले होते. प्रेक्षकांनी तक्रारी केल्यावर पुढच्या प्रतींत जुनी सबटायटल्स परत आली. त्या मधल्या काळात ज्यांनी ती डिस्क पाहून ‘मूळ’ची थोरवी गायिली, त्यांनी नेमके काय पाहिले होते?

लेखकाला लाज वाटेल, हा मुद्दा लवकर आटोपतो. स्टीग लार्सन नोव्हेंबर २००४मध्ये, वयाच्या पन्नासाव्या वर्षी वारले. त्यांची कादंबरी त्यानंतर छापली गेली. दोन्हींपैकी कोणताच चित्रपट त्यांनी पाहिला नाही, त्यामुळे त्यांच्या वतीने लाजण्याचा अधिकार कोणालाच पोहोचत नाही. लिंडक्विस्ट यांनी तर अमेरिकन आवृत्ती पाहून मनापासून आनंद व्यक्त केला होता; पहिल्याच कादंबरीवर दोन उत्तम चित्रपट निघाले म्हणून आपण नशीबवान लेखक आहोत, अशा आशयाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. रीमेकच्या कल्पनेवर नाराज होते ते दिग्दर्शक आल्फ्रेडसन, आणि ती नाराजी समजण्यासारखी आहे. मात्र दिग्दर्शकाची नाराजी लेखकाच्या तोंडी घालणे योग्य नाही.

राहता राहिले नट. स्वीडिश चित्रपटातील नूमी रापास यांची सालांडर अंगावर येणारी आहे. तिच्या शांत बसण्यातही कोणत्याही क्षणी हात उचलला जाईल असा ताण असतो. फिंचर यांच्याकडची रूनी मारा यांची सालांडर आत मिटलेली आहे, नजर चुकवणारी, आवाज खाली ठेवणारी, त्यामुळे ती जेव्हा प्रतिकार करते तेव्हा धक्का अधिक बसतो. मला रापास अधिक लक्षात राहतात, पण हा कौल उद्या बदलूही शकेल. मुख्य म्हणजे त्या वेळी रूनी मारा हे काही तिकीटबारीवर चालणारे नाव नव्हते. दोघींपैकी ‘मोठी तारका घेऊन भूमिका विकली’ असे कोणाहीविषयी म्हणता येत नाही.

आणि प्रसिद्ध चेहऱ्याचा वापर स्वीडिश चित्रपटानेही केलाच आहे, आपल्याला तो दिसत नाही एवढेच. ओप्लेव्ह यांच्या चित्रपटात मार्टिन वांगेरची भूमिका पेटर हाबेर यांनी केली आहे. १९९७पासून स्वीडनमध्ये हा चेहरा मार्टिन बेक या पोलीस अधिकाऱ्याचा म्हणून घरोघरी ओळखीचा होता. स्वीडिश प्रेक्षकाने त्या मोठ्या घरात त्यांना पाहिले तेव्हा त्याला आधी विश्वासच वाटला असणार, आणि तळघराचे दार उघडल्यावर त्या विश्वासालाच तडा गेला. कोणतेही सबटायटल हे सांगत नाही. वर्षानुवर्षे हसवणाऱ्या रॉबिन विल्यम्स यांना नोलन यांनी ‘इन्सोम्निया’त खुनी केले, ती चाल याच जातीची.

फिंचर यांनी मार्टिनच्या भूमिकेसाठी निवडले स्टेलान स्कार्सगोर्ड यांना. नॉर्वेच्या ‘इन्सोम्निया’त पुरावा दडवून सुटलेला तो स्वीडिश पोलीस चौदा वर्षांनंतर अमेरिकन चित्रपटात, स्वीडनमधल्याच एका घरात, पाहुण्यापुढे मद्याचा प्याला करतो. ही ओळख पटायला मूळ आणि रीमेक अशा दोन्ही बाजूंचे चित्रपट पाहिलेले असावे लागतात.